कोणत्या विहिरीत

पुंजारामाला राग आला की तो डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचा. माळसावंगीत ही खूण लहानथोरांना ठाऊक होती. टोपी उतरली की समोरच्याला एकाएकी काहीतरी काम आठवायचं आणि तो चहा तसाच टाकून उठायचा. रामराव सरपंच मात्र त्या दिवशी उठला नाही. सरपंच लोकांना समोरचा माणूस दिसत नसतो, फक्त कार्यक्रम दिसत असतो, आणि हा कार्यक्रम तर मोठा होता.

अठ्ठ्याण्णव साल होतं. निजामाचं राज्य जाऊन पन्नास वर्षं होत आली होती आणि जो तो आपापल्या गावात मुक्तिसंग्रामाची पन्नाशी साजरी करत सुटला होता. माळसावंगी धावड्याच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. पण गावात दोन स्वातंत्र्यसैनिक अजून जिवंत होते, एक पुंजाराम आणि दुसरा रामरावचा बाप भुजंग. रामरावनं ठरवलं होतं की चैत्रात पिराचा उरूस असतो, त्याच दिवशी दोघांचा सत्कार करायचा, तहसीलदारांना बोलवायचं, पेपरवाल्यांना बोलवायचं आणि वर सगळ्या गावाला कंदुरीचं जेवण घालायचं. कंदुरीचं बकरं कापायला मात्र भोकरदनहून महेमूदला आणायचं. फकरोद्दीन मुल्ल्याचा पोरगा. पन्नास वर्षांनी मुल्ल्याचा मान मुल्ल्याच्या घरी, असं रामराव म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन हसला. महेमूदला तुम्हीच आणा, तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, असंही म्हणाला.

पुंजारामानं त्याला विचारलं की, मुल्ल्याचा मान मुल्ल्याच्या घरून गेला कसा, हे त्या स्टेजवर कोण सांगणार आहे. रामराव म्हणाला, तात्या, चांगल्या दिवशी तो विषय कशाला.

या मुलखात बकरं कुणाचंही असो, नवस देवीचा असो की पिराचा, सुरी मुल्ल्याचीच लागते. मुल्ला तोंडातल्या तोंडात दोन शब्द पुटपुटतो, सुरी फिरवतो आणि आपला हक्क म्हणून मुंडी घेऊन जातो. दुसऱ्या कुणी कापलेलं बकरं जुनी माणसं ताटात घेत नाहीत. का, म्हणून कुणी विचारत नाही. पुंजारामाच्या आयुष्यातला सगळा संताप या एका रिवाजापाशी सुरू झाला होता.

अठ्ठेचाळीस साली तो बाविशीतला पोरगा होता. निजामाच्या हद्दीपलीकडं, बुलढाण्याच्या बाजूला पोरांचा कॅम्प होता. तिथून अंधारात हद्द ओलांडून यायचं, निजामाचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं पाडायची, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी पेटवायची आणि उजाडायच्या आत परत जायचं, हे त्यानं आणि भुजंगानं वर्षभर केलं. दोघं एका घोंगडीत झोपायचे. पुंजारामाच्या बापाचं नाव कडूबा. रझाकारांना कळलं की कडूबाचा पोरगा कॅम्पात आहे, तेव्हा त्यांनी येऊन कडूबाचं घर जाळलं, बैल नेले आणि गावात चार दिवस मुक्काम ठोकून गावाचीच बकरी कापून खाल्ली. बकरी कापली अर्थात फकरोद्दीन मुल्ल्यानं. त्याच्या छातीला बंदूक लावलेली होती, आणि लावलेली नसती तरी त्यानं कापली असती, कारण बकरं पुढं आणलं की कापायचं एवढंच त्याला बापानं शिकवलं होतं. पण पुढं गावानं त्याचा हाच गुन्हा धरला. वर कडूबाचं घरसुद्धा त्यानंच दाखवलं, असं कुणीतरी उठवून दिलं. पाऊणशे उंबऱ्यांच्या गावात घर दाखवायला मुल्ला कशाला लागतो, हे विचारायला शुद्धीवर कोणी नव्हतं.

हिंदुस्थानची फौज आली, पाच दिवसांत निजामानं हात टेकले, तेव्हा पुंजाराम मांडीत गोळी लागून बुलढाण्याच्या दवाखान्यात पडलेला होता. भुजंग आधीच गावी परतला. पुंजाराम आला तो दसऱ्याला, काठी टेकत. चावडीवर तिरंगा फडकत होता. तो बघून त्याला हुंदका आला. वर्षभर ज्याच्यासाठी मार खाल्ला ते डोळ्यांपुढं होतं. मग तो देवीच्या ठाण्याकडं वळला, तर तिथं बकरं बांधलेलं आणि भोवती सगळा गाव डोकं खाजवत उभा. मुल्ला नव्हता. कुठं गेला म्हणून विचारलं तर एक म्हणाला पळाला, दुसरा म्हणाला गेला, तिसरा जमिनीकडं बघायला लागला. मुल्ल्याच्या घराचं छप्पर उसवलेलं होतं आणि दारात त्याच्या बायकोची फुटकी घागर पडली होती.

शेवटी धावड्याचा म्हातारा मुल्ला बैलगाडीत घालून आणला. दोन्ही बाजूंना दोन काठीवाले बसवले होते, तो पळू नये म्हणून. सुरी दोनदा त्याच्या हातातून सुटली. बकरं कापलं गेलं, शिजलं, आणि मुक्तीचा पहिला दसरा म्हणून गाव बोटं चाटून जेवला. ज्यांनी आपला मुल्ला मारला होता त्यांना मुल्ल्याशिवाय घास उतरत नव्हता, आणि त्यातल्या एकालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. पुंजारामानं आपली पत्रावळ उचलून कुत्र्यापुढं ठेवली. तेव्हापासून त्यानं मटण तोंडात घातलं नाही.

मुल्ल्याला विहिरीत टाकलं, एवढं त्याला एका मेंढक्याकडून कळलं. कोणत्या विहिरीत, ते कोणी सांगेना. बापाला विचारलं तर कडूबा म्हणाला, माझं घर जळालं होतं, मी मुल्ल्याकडं कशाला बघू. होळीला भुजंग पिऊन चावडीवर बरळला की आम्ही मुल्ल्याला पानी पाजलं, आणि पुंजारामाला जे कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून भुजंगाच्या घरचा पाण्याचा थेंब त्यानं घेतला नाही. समोरून आला तर रस्ता बदलला. एका घोंगडीतला माणूस होता तो.

आणि मग पुंजारामानं दुसरी लढाई मांडली, ती त्याला पहिलीपेक्षा जड गेली. रझाकार गेले, आता शेजाऱ्याशी भांडण नाही, हे सांगत तो पायी गावोगाव फिरला. पळून गेलेली घरं आणून बसवली. कुणाच्या बळकावलेल्या शेतासाठी कचेरीत खेटे घातले. काही लोक त्याच्यावर थुंकले, काहींनी त्याला रझाकाराचा जावई म्हटलं. पुढं काळ बदलला, दंग्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा मशिदीच्या पायरीवर रात्ररात्र बसणारा म्हातारा तोच होता. गणपती आणि मोहरम एकाच महिन्यात आले की पोलीस ठाण्याच्या शांतता कमिटीत पहिली खुर्ची त्याची. तालुक्यात कुठंही दोन जमातींत तेढ आली की लोक म्हणायचे, पुंजारामतात्यांना बोलवा. तो यायचा, आधी मुसलमानांच्या घरी जाऊन चहा प्यायचा, झालं गेलं विसरा म्हणायचा, आणि तेढ मिटायची. दर ईदेला तो भोकरदनला अकबरबीच्या घरी शिरखुर्मा खायला जायचा. मुल्ल्याची बायको ती. पाठीवर महेमूदला बांधून पळाली ती परत माळसावंगीत आली नव्हती.

तर रामरावचं ऐकून तो एस.टी.नं भोकरदनला गेला. मनातून त्याला आशाही होती, ती नाही म्हणून चालणार नाही. रामरावला फोटो हवा असेल, पण त्या निमित्तानं का होईना, मुल्ल्याचं पोर गावात मानानं येणार होतं.

बाजारामागच्या गल्लीत महेमूद शिलाई मशीनवर बसला होता. पन्नाशी ओलांडलेला शांत माणूस, बोलण्याआधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अम्मीला विचारा म्हणाला. अकबरबी आत बाजेवर बसलेली होती. तिनंही ऐकून घेतलं.

“भाऊ, तुम्ही दर ईदेला येता,” ती म्हणाली. “दर ईदेला म्हनता, भाबी, झालं गेलं विसरा. मी हो म्हनते. न्हाई म्हनून जाऊ कुठं? पन त्या लोकांना तुम्ही कधी म्हनले का, झालं गेलं आठवा म्हनून?”

पुंजारामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. राग कुणाचा आला ते त्याला कळेना. गेल्या पन्नास वर्षांत त्याला कोणी असं तोंडावर बोललं नव्हतं, आणि बोललं ते ज्या घराचा तो स्वतःला आधार समजत होता त्या घरानं. मुसलमानांच्या घरी आधी जायचं, कारण ते ऐकतात. दुसरीकडं गेलं की वाद होतो. हा त्याचा शिरस्ता होता, आणि तो शिरस्ता किती सोयीचा होता हे त्या बाजेसमोर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःचीच चीड आली.

अकबरबी पुढं म्हणाली की महेमूद सुरी धरणार नाही. बापाचं झालं ते झालं, पोराच्या हातात मी कधी सुरी दिली नाही, कात्री दिली. पण आम्ही येऊ.

“मला फकत एवढं सांगावं, कोनत्या हिरीत,” ती म्हणाली. “तिथं बसून मला फातिहा पढायचाय. बाकी मला त्या गावाचं काई नको.”

पुंजारामानं शब्द दिला. परतीच्या एस.टी.त तो खिडकीच्या गजाला धरून बसला आणि मनात एकेकाला शिव्या देत राहिला. एवढीशी गोष्ट. एका बाईला तिच्या नवऱ्याची जागा सांगायची. ज्यांनी हे लपवलं त्यांच्यासाठी आपण माफी गोळा करत फिरलो.

गावात आल्यावर तो जुन्या माणसांच्या दारोदार गेला. आता उरलेले होतेच किती. एकानं ऐकू येत नाही म्हणून कानावर हात ठेवला, दुसरा म्हणाला, मी तेव्हा मामाच्या गावाला गेल्तो. तिसऱ्यानं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की पुंजारामाला ती कीव वाटली, आणि तो आणखीच भडकला. भुजंगाची बायको चतुराबाई पाणवठ्यावर भेटली, तिला त्यानं अडवून विचारलं. ती हंडा खाली न ठेवता म्हणाली, “भाऊ, दुसऱ्या कुनालाबी इचारू द्या. तुमी नका इचारू.” नवऱ्याला वाचवते आहे, असं म्हणून तो पुढं गेला.

रामरावला त्यानं सरळ सांगितलं की उरुसात अकबरबीला विहीर सांगितली पाहिजे, नाहीतर सत्कार घेणार नाही. रामराव म्हणाला, बिलकुल सांगू, बराबर सांगू, तात्या तुम्ही काळजी सोडा. हा ‘बिलकुल’ पुंजारामानं कचेऱ्यांतून जन्मभर ऐकला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता धावड्याला गेला, तिथल्या मुल्ल्याला भेटला, आणि तिथून भोवतालच्या गावांतल्या प्रत्येक मुल्ल्याच्या घरी जाऊन आला. उरुसाच्या दिवशी माळसावंगीच्या बकऱ्यावर कुणीही सुरी ठेवायची नाही, एवढंच त्यानं मागितलं. त्यातला एकही नाही म्हणाला नाही. पुंजारामाचं त्यांच्यावर ऋण होतं, आणि ते त्यानं पहिल्यांदाच मागितलं होतं.

उरुसाच्या दिवशी ऊन कडाक्याचं होतं. पिराच्या ओट्यासमोर मांडव होता. तहसीलदार आले, पेपरवाले आले, शाळेच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. पुंजाराम आणि भुजंग यांना शेजारी शेजारी खुर्च्या दिल्या होत्या. भुजंग आता पंचाहत्तरीला टेकलेला, एका अंगानं लुळा पडलेला. त्याला चौघांनी उचलून आणला होता. पुंजारामानं खुर्ची हातभर सरकवून घेतली. अकबरबी पुढच्या सतरंजीवर बसली होती, शेजारी महेमूद. मांडवामागं मोठमोठे हंडे चढले होते, वाटण भाजल्याचा वास सुटला होता, आणि दोन बोकड खुंटाला बांधून ठेवले होते.

रामराव बोलायला उभा राहिला. सलोखा म्हणाला, बंधुभाव म्हणाला, आमच्या गावानं कधी जातीभेद पाळला नाही म्हणाला. मुल्ल्याचं नाव त्यानं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा ‘कालवश’ म्हटलं, जसा काही तो तापानं गेला होता. विहिरीचा शब्द नाही. मग हात उंचावून तो म्हणाला की आता महेमूदभाई बकऱ्यावर सुरी ठेवतील. पेपरवाला कॅमेरा घेऊन पुढं सरकला.

महेमूद उठला आणि आवाज न चढवता म्हणाला की मी दर्जी आहे, मला ते काम येत नाही. रामराव हसला. नुसता हात लावा, कापायला धावड्याचा मुल्ला येतोच आहे. पण धावड्याचा मुल्ला येत नव्हता. मोटारसायकल पिटाळली. ती एकटीच परत आली. दुसरी पिटाळली, तीही तशीच आली, आणि त्या पोरानं भर मांडवात सांगून टाकलं की कोणताच मुल्ला येणार नाही, पुंजारामतात्यांनी सगळ्यांना नको म्हणून सांगितलंय.

सगळा मांडव पुंजारामाकडं बघायला लागला. तो बसूनच बोलला, माईकची गरज पडली नाही.

“हीर सांगा,” तो म्हणाला. “भाबीला हीर दाखवा, मंग मी सोता जाऊन मुल्ला आनतो. तवर हंडे असेच राहू द्या.”

मग जे झालं ते बघून पुंजारामाला हसावं की रडावं कळेना. तरणी पोरं म्हणाली, आम्हीच कापतो, त्यात काय एवढं. त्यावर म्हातारी माणसं खवळली. मुल्ल्याच्या सुरीशिवाय आम्ही खाणार नाही, आमच्या घरात असलं कधी झालं नाही, पीर कोपेल. पन्नास वर्षांत ज्यांच्या तोंडून मुल्ल्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता ते मुल्ल्यासाठी भांडायला उठले होते. तहसीलदारांनी घड्याळ बघितलं आणि रामरावच्या कानात काहीतरी विचारलं. रामराव घामानं भिजला. तो पुंजारामाजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला की तात्या, गावाची अब्रू घालवून राह्यले तुम्ही. पुंजारामानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो भुजंगाकडं वळला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यानं भुजंगाशी तोंड उघडलं.

“सांग भुजंगा. मरायच्या आधी तरी मानसावानी वाग. कुठं टाकलं त्याला?”

भुजंगाचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण जीभ शाबूत होती. त्याच्या डोळ्यांत पुंजारामाला भीती दिसेल असं वाटलं होतं. तिथं भीती नव्हती, राग होता, तोही आजचा नव्हता.

“तू मह्या घरचं पानी सोडलं,” भुजंग म्हणाला. “समद्या तालुक्यात समझोते करून राह्यला. मुसलमानाच्या घरी जेवला, पोलिसाच्या ठान्यात जेवला. मह्या दारापुढून रस्ता बदलून जाय. मी काई बोललो न्हाई. व्हय, मी त्याचे पाय धरल्ते. हात आम्हा समद्यांचे व्हते. पन हीर तुह्या बापाची व्हती, पुंजा.”

खोटं बोलतोस, असं पुंजाराम म्हणाला.

“घर कुनाचं जाळल्तं? कडूबाआबाचं. मंग दोर कुनी आनला?” भुजंग थांबला, दम घेतला. “मरताना आबानं मह्या हातावर हात ठिवला. पुंजाला सांगू नको म्हने, त्याला लोकं देवमानूस म्हनून राह्यले. मी शब्द पाळला. आन् तू तरी शेतकरी ना रे? तुह्या वरल्या वावरातली जुनी हीर त्या साली बुजविली. दसऱ्याच्या वक्ताला, काठोकाठ पानी. भरल्या पान्याची हीर कोन बुजवितं, पुंजा? तू एकदा तरी इचारलं का बापाला?”

विचारलं होतं. तेच तर. दसऱ्याला काठी टेकत घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाप आणि गडी वरच्या शेतात उसन्या गाड्या भरभरून दगड टाकत होते. कडूबा म्हणाला होता, पावसानं कड ढासळली, बैल पडेल एखादा. आणि पुंजारामानं मान हलवली होती. कड ढासळली तर बांधून काढतात. एवढ्या पाण्याच्या विहिरीसाठी लोक भावाभावांत डोकी फोडतात. हे कुणब्याच्या पोराला सांगावं लागत नाही. त्याला तेव्हाही सांगावं लागलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात बापानं खालच्या अंगाला नवी विहीर खोदायला घेतली, तेव्हा हाच माणूस कुदळ घेऊन पहिला उतरला होता, आणि जुन्या विहिरीच्या जागेवर त्यानं पन्नास वर्षं कडब्याची गंज रचली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कानावर हात ठेवले, म्हणून त्या नजरेत कीव होती. तो ज्या मौनावर पन्नास वर्षं चिडत होता ते गावानं त्याच्यासाठीच पाळलं होतं. बाप समोर असता तर त्यानं त्याची मान धरली असती. बाप एकसष्ट साली मेला होता, आणि पुंजारामानं त्याचं तेरावं थाटात घातलं होतं.

अकबरबी उठली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. “चला भाऊ, दाखवा,” एवढंच म्हणाली.

वरचं शेत मांडवापासून लांब नव्हतं. पुंजाराम पुढं, मागं ती महेमूदच्या हाताला धरून. गावातलं कोणी मागून आलं नाही. उन्हात ढेकळं पायाला टोचत होती आणि पुंजारामाचा गोळी लागलेला पाय दर पावलाला अडत होता. कडबा संपत आला होता, गंजीच्या खालचे दगड उघडे पडले होते. त्यानं बोट दाखवलं. अकबरबी दगडांजवळ खाली बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही हात पुढं धरले आणि ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली. महेमूद उभा राहून म्हणत होता. त्याला बाप आठवतही नव्हता.

ते संपायच्या आतच रामराव बांधावर आला. तो धापा टाकत होता, पण चेहऱ्यावर सुटका दिसत होती. लांबूनच तो म्हणाला की तात्या, झालं ना आता मनासारखं, सांगितली ना हीर, मग धावड्याला निरोप धाडू का, तहसीलदार साहेब खोळंबलेत. पुंजारामाला वाटलं आपल्याला याचा संताप यावा. आला नाही. आता कोणत्या तोंडानं यायचा होता. मी मुल्ला आणतो, असा शब्द त्यानंच दिलेला होता. धाड, असं तो म्हणाला, आणि रामराव आल्या पावली पळत गेला.

अकबरबीनं तोंडावरून हात फिरवले. पुंजाराम तिच्यापुढं वाकला. पन्नास वर्षं समजुतीचे शब्द सांगण्यात गेली होती, त्यातला एकही आता कामाचा नव्हता. गुडघा टेकत नव्हता तरी त्यानं टेकवला आणि हात जोडले.

“भाबी, माफ करा,” तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती आणि द्वेषही नव्हता. बाजारात वस्तू पारखताना बायका बघतात तशी ती बघत होती.

“आजवर तुम्ही दुसऱ्यांसाठी मागत व्हते, मी लगेच देऊन टाकत व्हते,” ती म्हणाली. “आज सोतासाठी मागून राह्यले. आता मला इचार करू द्या. जल्दी करू नका.”

मग तिनं महेमूदला भोकरदनची एस.टी. किती वाजता आहे ते विचारलं. दोघं बांधाबांधानं रस्त्याकडं निघाले. पुंजाराम तिथंच गुडघ्यावर राहिला, कारण उठायला त्याला कुणाचा तरी हात लागत असे आणि शेतात दुसरं कोणी नव्हतं.